दोगो ओनसेन: ७०० येनचं तिकीट पुरे

जपानमधल्या दोगो ओनसेन या गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात सगळे कपडे काढायचे आणि अनोळखी माणसांबरोबर एका हौदात बसायचं, हे कळल्यापासून मी तीन दिवस 'बघू, बघू' करत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही बसा बाहेर चपला राखत, मी जाऊन येते." मग गेलो.

मात्सुयामा शहराची ट्राम थेट दोगोपर्यंत येते. दुकानांची छत घातलेली गल्ली संपली की समोर ही तीन मजली लाकडी इमारत. १८९४ची. २०१९ पासून साडेपाच वर्षं दुरुस्ती चालली होती, जुलै २०२४ मध्ये पूर्ण उघडली. माथ्यावर लाल काचांची छोटी माडी आहे, तिथे पहाटे सहाला ढोलाचे सहा ठोके पडतात आणि दार उघडतं. त्या वेळीच जा. झोपेचं खोबरं होतं, पण ठोके अंगणात उभं राहून ऐकण्यासारखे आहेत.

तिकिटांचे बरेच प्रकार आहेत. जास्त पैसे भरले की वर बसायला जागा, यूकाता (सुती झगा), चहा वगैरे. मी सगळ्यात स्वस्त घेतलं, खालच्या 'कामी-नो-यू' या हौदाचं, ७०० येन. पाणी हवं असेल तर एवढं पुरे. चहा बाहेरही मिळतो.

हौदात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, हा इथला पहिला नियम. मी उभ्याउभ्याच शॉवर घ्यायला लागलो. शेजारी एक आजोबा बसले होते, सत्तरीच्या पुढचे. माझं पाणी त्यांच्या खांद्यावर उडत होतं. ते काही बोलले नाहीत; हात लांब करून एक बुटकं स्टूल माझ्या पायाशी सरकवलं आणि पुन्हा टाच घासायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी मोरीत पाटावर बसून आंघोळ केलेला माणूस मी, मला हे सुचू नये?

लाजेचं म्हणाल तर चष्मा कपड्यांबरोबर ठेवला होता. मला कुणी धड दिसत नव्हतं, तेव्हा मीही कुणाला दिसत नाही असं मनाने परस्पर ठरवून टाकलं.

पाणी साधारण ४२ अंश. वेगवेगळ्या झऱ्यांचं कमीजास्त गरम पाणी एकत्र करून हे तापमान साधतात. वरून तापवत नाहीत, साधं पाणीही मिसळत नाहीत. गंधकाचा वास नाही. अंगावरून हात फिरवला तर साबण पुरता गेला नाहीसं वाटावं इतकं बुळबुळीत. पाऊल टाकल्यावर पोटऱ्यांना चटका बसतो, गळ्यापर्यंत गेलं की मात्र गप्प बसवतं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. मधोमध दगडी खांबासारखं कारंजं, त्यातून पाणी येत राहतं.

भिंतीवर लाकडी पाटी आहे: 'बोच्चान, पोहू नये.' जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १८९५ मध्ये या गावात मास्तर होते. त्यांच्या १९०६च्या 'बोच्चान' कादंबरीतला तरुण मास्तर असाच हौदात पोहतो आणि त्याला पोहण्याची बंदी वाचावी लागते. अर्थ विचारून कळला तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो, तेही तिथे शोभत नाही.

पाय दुखावलेला बगळा या पाण्याने बरा झाला, अशी इथली दंतकथा. माझा गुडघा दोन तास कुरकुरला नाही, मग ट्रामची पायरी आली.

एक सांगतो, एकदम उठू नका. मी उठलो आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले, काठ धरून उभा राहिलो. पाचसात मिनिटं बसा, बाहेर या, वाटलं तर परत जा. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून.

बायको माझ्यानंतर पाऊण तासाने बाहेर आली. चपला राखायला शेवटी मीच बसलो होतो.