सोलमधलं मुगाचं धिरडं आणि दोन हातांचा मान

दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथल्या ग्वांगजांग बाजारात मी बाबांना मुद्दाम घेऊन गेले. १९०५ पासूनचा बाजार. खायचं होतं बिंदेत्तॉक: भिजवलेले मूग दळून तेलात खरपूस तळलेलं जाड धिरडं. कडा कुरकुरीत, आत मऊ. बाबांना पहिल्या घासालाच आवडलं. पण शाकाहाऱ्यांनो, आधी विचारा; पुष्कळदा त्यात डुकराचं मांस असतं. ‘कोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस नको, एवढं पाठ करून जा.

गाळ्यावरच्या बाईंना गिऱ्हाइकं ‘इमो’ म्हणत होती. इमो म्हणजे मावशी! मग मीही तशीच हाक मारली. त्यांनी धिरड्याची ताटली आधी बाबांपुढे ठेवली. तिथे घरातल्या थोरल्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे सुरू करत नाहीत. शेजारी एक तरुण आजोबांना माकगल्ली, म्हणजे तांदळाची दारू, ओतत होता, डावा हात उजव्या मनगटाखाली धरून. स्वतः पिताना त्याने तोंड बाजूला वळवलं. दोन्ही थोरांना मान द्यायच्याच रीती. ते बघून मला फार बरं वाटलं.

मी कार्ड एका हाताने दिलं, मावशींनी दोन्ही हातांनी परत केलं. पुढच्या वेळी मीही दोन्ही हात पुढे केले, तर त्या मान लववून हसल्या. वर बक्षिशी देऊ नका, तिथे तशी पद्धत नाही.

बाकडी अरुंद आहेत, टेकायला काही नाही. गुडघेदुखी असेल तर गर्दी वाढायच्या आत जा.