पिन ओढताच कोकलणारा पर्सनल अलार्म

रात्रपाळी संपवून एकटीच परतते, म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचा पर्सनल अलार्म घेतला. मुठीत सहज मावतो, वजन जाणवतही नाही.

मला सगळ्यात पटली ती त्याची पिन. पिनेची दोरी मनगटात घालायची. कुणी पर्स हिसकावली की झटक्यासरशी पिन निघते आणि भोंगा सुरू होतो. तो थांबवायला तीच पिन परत आत घालावी लागते आणि ती असते आपल्या मनगटाला. समोरच्याने अलार्म भिरकावून दिला तरी तो कोकलतच राहतो. बटणावर चालणारे अलार्मही मिळतात, पण ते मी कुणालाच सुचवणार नाही. घाबरलेल्या बोटांना बटण सापडत नाही आणि हल्लेखोराला सापडलं तर सगळंच संपलं.

आवाज कर्कश आहे, तसाच हवा. खोक्यावर १३० डेसिबल छापलेत, पण ते किती अंतरावर मोजले हे कुठेच नाही. ते सांगायलाच हवं होतं. मोकळ्या जागेत १० सेंटिमीटरवरचे १३० डेसिबल १ मीटरवर ११० च उरतात. तेवढेही पुष्कळ झाले. कानाशी धरून मात्र कधीच वाजवून बघू नका, कानाला कायमची इजा होऊ शकते.

'अलार्म' हा शब्दच मुळात एक आरोळी आहे. इटालियनमधल्या 'आल्लार्मे', म्हणजे 'शस्त्रं हाती घ्या', या हाकेतून तो फ्रेंचमार्गे १४व्या शतकात इंग्रजीत आला. पहारेकरी ओरडायचा आणि झोपलेले सोबती उठायचे. ही वस्तूही हल्ला अडवत नाही, ऐकणाऱ्यांना बोलावते. जिना, पार्किंग, वस्तीतला रस्ता इथे तिचा खरा उपयोग. जिथे ऐकायला कुणीच नाही, तिथे तिच्या भरवशावर जाऊ नये.

सेल उतरत आल्याचं कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा हात लांब धरून क्षणभर पिन ओढून पाहते. आवाज दबलेला वाटला की सेल बदलायचे.

झाकणाची मात्र तक्रार आहे. ते नखानेसुद्धा उघडतं आणि आत बटण सेल आहेत. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. बहिणीच्या घरी रांगतं बाळ आहे, म्हणून तिच्यासाठी स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचा दुसरा घेतला.