माहिती, कृती की मत? तिसरी-चौथीच्या मुलांना आधी काय लिहायला द्यावं

मराठी शाळेत ललितेतर, म्हणजे खऱ्याखुऱ्या गोष्टींवरच्या, लेखनाची सुरुवात बहुतेक वेळा निबंधाने होते आणि घोटाळा तिथेच होतो. ‘मी नदी बोलतेय’ हे आत्मवृत्त मुलं हौसेनं लिहितात, पण ते कल्पनेचं लेखन. ‘मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते’ हे खऱ्याचं. दोन्ही एकाच वहीत, ‘निबंध’ याच नावाखाली आली की आठ वर्षांच्या मुलाला कुठलं वाक्य तपासून बघायचं आणि कुठलं नुसतं रंगवायचं हे उमगत नाही. म्हणून विषय देण्याआधी एक गोष्ट विचारावी: वाचणाऱ्याने हे वाचून काय करायचं? त्याला काही कळायला हवं असेल तर माहिती, त्याच्या हातून काही घडायला हवं असेल तर कृती, त्याला आपलं म्हणणं पटायला हवं असेल तर मत.

कर्नाटकातल्या बेळगाव भागातल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या मुलांच्या रोजच्या बघण्यातला ऊस घ्या आणि तिन्ही शेजारी-शेजारी मांडा.

माहिती: ‘सुरू हंगामाच्या उसाची लावण जानेवारी-फेब्रुवारीत होते. तो साधारण 12 महिन्यांत तोडणीला येतो. आडसाली ऊस पावसाळ्यात लावतात, त्याला दीड वर्षापर्यंत लागतं. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा.’

कृती: ‘उसाची दोन डोळ्यांची (कोंब फुटतात त्या जागांची) टिपरी, म्हणजे तुकडा, घ्या. सरीत आडवी ठेवा. डोळे दोन्ही बाजूंना येतील असं बघा. वर माती ओढा. पाणी सोडा.’

मत: ‘उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर हवाच. कारण अंधारात थांबलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसत नाही.’

आता मुलांना क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा. माहितीत ‘होते, येतो, लागतं’. कृतीत ‘घ्या, ठेवा, सोडा’. मतात ‘हवाच’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘कारण’. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा या तीन रेघा जास्त काम करतात.

आमचा कौल सुरुवातीला कृतिलेखनाच्या बाजूने आहे. कारण सरळ आहे: चुकलं कुठे ते शिक्षकांनी लाल पेनाने दाखवावं लागत नाही, मुलाला स्वतःलाच दिसतं. घरचं जीवनजल (जुलाबात देतात ते साखर-मिठाचं पाणी) हा विषय देऊन बघा. पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘पाण्यात साखर आणि थोडं मीठ घाला आणि ढवळा.’ तो कागद शेजारच्याच्या हातात द्या. पातेलं, वाटी, दोन-तीन मापांचे चमचे समोर ठेवा. अट एकच, कागदावर आहे तेवढंच करायचं. तो लगेच अडतो. पाणी किती? चमचा चहाचा की जेवणाचा? शिगेचा की सपाट? जिथे अडला तिथे लिहिणाऱ्याने खूण करायची आणि पुन्हा लिहायचं. दुसऱ्या मसुद्यात मापं येतात: उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, विरघळेपर्यंत ढवळणं. मीठ जास्त झालं तर जुलाब झालेल्या बाळाला अपाय होतो, हेही इथेच सांगावं. ‘थोडं’ हा शब्द का चालत नाही ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

कृतीत नेहमीच्या चुका चार. मूल ‘मी पाणी घेतलं, मग साखर टाकली’ असं लिहितं, म्हणजे कृतीऐवजी अनुभव लिहिला जातो. साहित्याची यादी राहून जाते. एका वाक्यात तीन कामं कोंबली जातात. क्रम उलटतो. पायऱ्या पाच ते सात ठेवल्या तर या वयाला पेलतं.

माहितीलेखन वरवर सोपं वाटतं, म्हणून बहुतेक जण तेच आधी घेतात. त्यात धोका नकलेचा. पुस्तकातला उतारा शब्द न बदलता वहीत उतरतो आणि अक्षर सुंदर असलं की गुणही मिळतात. आपल्या बेळगाव भागात मात्र यावर एक चांगला उपाय हाताशी आहे. इथल्या मराठी शाळांतली मुलं कन्नडही शिकतात. गावातला, किल्ल्यावरचा किंवा बसस्थानकातला कन्नड फलक वाचून त्यातली माहिती मराठीत लिहायला दिली की नक्कल करताच येत नाही. अर्थ लावूनच लिहावं लागतं. फलक नसेल तर उतारा वाचून पुस्तक मिटायचं, शेजाऱ्याला तोंडी सांगायचं, मगच लिहायचं. प्रत्येक माहितीखाली ती कुठून मिळाली हे दोन-चार शब्दांत हवं: ‘आजोबांनी सांगितलं’, ‘फलकावर वाचलं’.

दुसरी चूक म्हणजे माहितीत मत घुसणं. ‘गोकाकचा धबधबा घटप्रभेवर आहे, पाणी सुमारे 52 मीटरवरून पडतं’ हे मोजता येतं, खोटं असेल तर दाखवून देता येतं. ‘तो जगात सर्वांत सुंदर आहे’ हे नाही. मुलांनी अशी वाक्यं खोडू नयेत, मतलेखनासाठी वेगळी जपून ठेवावीत.

मतलेखन पाचवीपर्यंत थांबलं तरी चालेल. तिसरीतलं मूल ‘मला वाटतं म्हणून’ यापुढे सहसा जात नाही, कारण समोरच्याचा आक्षेप त्याला अजून सुचत नाही. तोंडी सराव मात्र तिसरीपासून घ्यावा. लिहायला देताना दोन गोष्टी हव्यात: निर्णय घेऊ शकेल असा खराखुरा वाचक (मुख्याध्यापक, ग्रामपंचायत) आणि मोजून आणलेला एक आकडा. गळीत हंगामात मोठ्या माणसासोबत घराच्या ओट्यावर बसून, अर्ध्या तासात रिफ्लेक्टर नसलेल्या किती ट्रॉल्या गेल्या ते मोजलं, तरी अर्जाला वजन येतं.

सलग सहा आठवडे मिळणार असतील तर दोन कृतीला, तीन माहितीला, उरलेला एक तोंडी मतांना द्या. दोनच आठवडे असतील तर फक्त कृती घ्या. एकाच खोलीत तीन इयत्ता बसत असतील तर विषय एकच ठेवा: तिसरी कृती लिहील, चौथी माहिती, पाचवी मत. मग कागद आपापसात बदलून वाचायला द्या. चौथीतल्या मुलाला तिसरीतल्याची कृती वाचून काम जमलं नाही, तर शेरा त्यानेच लिहावा: ‘इथे अडलो.’