८x४२ दुर्बीण : पक्षी भारी दिसतात, रिंगचा नंबर विसरा

दिवाळीनंतर घेतली ही, सोलापुरातल्याच एका दुकानातून, साडेनऊ हजाराला. हिवाळाभर वापरून झाली म्हणून लिहितोय. घेताना दुकानदार म्हणाला, साहेब, अभ्यासासाठी पक्ष्याच्या पायात रिंग घालतात ना, तिच्यावरचा नंबर पण वाचाल की. मी पण येडा, विश्वास ठेवला.

दुर्बीण चांगलीच आहे, ८x म्हणजे आठपट मोठं दिसतं. हिप्परगा तलावावर तांबडं फुटताना पण चित्र उजळ दिसतं, ४२ एमएमची मोठी भिंगं त्यासाठीच असतात. पट्टा मात्र मानेत रुततो, तो बदलून घ्या. संध्याकाळी भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा बाभळीवर उतरला की एकेकीची गुलाबी पाठ वेगळी दिसते, पैसे तिथंच वसूल. (लहानपणी मोहोळला मामाच्या ज्वारीत ह्याच भोरड्या हाकलायला गोफण घेऊन उभा असायचो, आता दुर्बीण घेऊन उभा राहतो, मामा हसतो.)

आता रिंगचं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात, काठाच्या चिखलात एक पांढरा धोबी पक्षी शेपूट हलवत फिरत होता आणि पायात काहीतरी लालसर. अर्धा तास त्याच्या मागं, चप्पल चिखलात, शेवटी तो दहा-बारा फुटांवर आला, फोकस केला तर सुताचा धागा! आमचा टॉवेलचा कारखाना, सूत मी झोपेत पण ओळखतो, त्याचा पीळ सुद्धा दिसला एवढी क्लिअर आहे ही.

पण खरी रिंग असती तरी नंबर मिळाला नसता. धोबी भरतो वीसेक ग्रॅम, त्याच्या काडीएवढ्या पायात ॲल्युमिनियमची बारीक कडी, आकडे गोल फिरून कोरलेले, एका बाजूनं अर्धेच दिसणार. नंबर कळायला पक्षी परत जाळ्यात सापडावा लागतो, नाहीतर मेलेला. १८९९ ला डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सन मास्तरांनी भोरडीच्या जातभाईंना नंबर कोरलेल्या रिंगा घातल्या, आपल्याकडे बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १९५९ पासून मोठं काम केलं, लहान पक्ष्यांचं गणित अजून तेच. लांबून वाचता येतात ते पट्टकादंबासारख्या मोठ्या पक्ष्यांच्या गळ्यातले पट्टे. आणि हौसेनं स्वतः जाळं लावायला जाऊ नका, परवानगी लागते.

चार स्टार. पाचवा दुकानदाराच्या तोंडामुळं गेला. त्याला धाग्याचं सांगितलं तर म्हणतो, मग १०x घ्या की ओ.