'नेहमीचाच' पासवर्ड: फोनमधला मॅनेजर की बाहेरचा? अकरा महिन्यांनंतर

मागच्या गणपतीत साताऱ्याला गेले होते. बाबांचं लाइट बिल ऑनलाइन भरायला बसले आणि पासवर्ड विचारला, तर त्यांनी एलआयसीची डायरी पुढे सरकवली. त्यात लिहिलेलं: 'लाइट बिल – नेहमीचा'. खाली 'गॅस – नेहमीचाच, पण एस मोठा'. आम्ही खूप हसलो. परतीच्या एसटीत मात्र लक्षात आलं की माझेही मिळून तीनच पासवर्ड आहेत, शेवटचे आकडे तेवढे वेगळे.

ठाण्याला आल्यावर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवून जागेवर भरून देणारं अॅप, वापरायचा हे नक्की केलं. प्रश्न एवढाच होता की फोनमध्ये फुकट आलेला वापरायचा की बाहेरचा आणायचा.

घरात सगळं एकाच कंपनीचं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. माझा फोन अँड्रॉइड, नवऱ्याचा आयफोन, आणि घरच्या विंडोज लॅपटॉपवर मी वर्षानुवर्षं फायरफॉक्स वापरते. गूगलचा मॅनेजर क्रोमसोबत कुठेही जातो, आयफोनवरसुद्धा, पण फायरफॉक्समध्ये शिरत नाही. अॅपलने सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत पासवर्ड्स नावाचं वेगळं अॅप दिलं. नवऱ्याच्या फोनवर पाहिलं, सुटसुटीत आहे, पण अँड्रॉइडसाठी ते नाहीच. म्हणून बिटवॉर्डन हा बाहेरचा मॅनेजर घेतला. मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही तपासता येतो, आणि फुकटच्या खात्यातही कितीही उपकरणं जोडता येतात.

'सगळ्या किल्ल्या एका परक्या कंपनीकडे?' हे नवऱ्याने लगेच विचारलं, आणि बरोबरच विचारलं. २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या एका मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, बॅकअप प्रती चोरीला गेल्या होत्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या साइटवर कोणाचं खातं आहे ते पत्ते उघडेच होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडायचा एकमेव पासवर्ड, लेचापेचा, त्यांची तिजोरी चोर निवांत बसून फोडू शकत होते. यावरून मी धडा घेतला तो कंपनी बदलण्याचा कमी आणि मास्टर पासवर्ड तगडा ठेवण्याचा जास्त. तो तगडेपणा पुढे मलाच कसा नडला ते सांगतेच.

क्रोममधून जुने पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढले आणि बिटवॉर्डनमध्ये ओतले. पाच मिनिटांचं काम. नोंदी २१४ निघाल्या, त्यात एकाच रेल्वे तिकिटाच्या खात्याच्या पाच. पण ही सीएसव्ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडली की सगळं वाचता येतं. काम झालं की लगेच उडवायची. मी विसरले. चार महिन्यांनी डाउनलोड्समध्ये पगाराची स्लिप शोधताना ती सापडली आणि पोटात गोळा आला. लॅपटॉपचं ते फोल्डर तोवर क्लाउडवरही जात होतं. त्या रविवारी बँक, ईमेल आणि डीमॅट यांचे पासवर्ड बदलत बसले.

पहिल्या महिन्यात दुसरी चूक केली. क्रोममधली 'पासवर्ड सेव्ह करायचा का' ही विचारणा बंदच केली नाही. त्यामुळे फोनवर दोघंही एकमेकांवर उड्या मारायचे. घाईत नवा पासवर्ड एकाकडे जायचा, जुना दुसऱ्याकडे राहायचा, आणि ऐन वेळी साइट म्हणायची 'चुकीचा पासवर्ड'. दोनेक पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची डिजिटल किल्ली) अशाच गूगलकडे जाऊन बसल्यात, त्या सीएसव्हीतून हलवता येत नाहीत. बाहेरचा मॅनेजर घेणार असाल तर आतल्याचं तोंड आधी बंद करा.

आता तो मास्टर पासवर्ड. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत, हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. त्यातला एक शब्द होता वांगी (आता बदललाय, म्हणून सांगते). रोज बोटाच्या ठशाने उघडायची सवय लागलेली, त्यामुळे पूर्ण टाइप करायची वेळ सहा-सात महिने आलीच नाही. जूनमध्ये फोन बदलला, नव्यावर लॉगिन करायला गेले, आणि वांगी व्हीने लिहिलं होतं की डब्ल्यूने? एक ए की दोन? कंपनी मदत करू शकत नाही, कारण मास्टर पासवर्ड तिच्याकडे नसतोच. तिजोरी उघडते ती आपल्याच फोनवर नाहीतर लॅपटॉपवर. एरवी हाच या मॅनेजरचा मोठेपणा, त्या दिवशी मात्र तीच अडचण. लॅपटॉपच्या ब्राउझरला जोडलेलं बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन पिनने उघडत होतं, म्हणून पासवर्ड दिसत तरी होते. पण एक्सपोर्ट करायला पुन्हा मास्टर पासवर्डच मागतो. दोन संध्याकाळी महत्त्वाचे पासवर्ड वहीत उतरवले, बाबांसारखेच. तिसऱ्या दिवशी डब्ल्यू आणि एकच ए हे जुळलं. आता जे शब्द मी एकाच पद्धतीने लिहू शकते तेवढेच घेतलेत, आणि एक कागद कपाटात सोन्याच्या पावत्यांसोबत आहे.

बँकांबद्दल थोडक्यात. माझ्या एका बँकेच्या साइटवर पासवर्ड पेस्ट करता येत नाही, दुसरीत स्क्रीनवरचा कीबोर्ड बोटाने दाबावा लागतो. तिथे आतला काय आणि बाहेरचा काय, दोघंही हात टेकतात. त्या खात्यांसाठी मी चार शब्दांचा पासवर्ड बनवून घेते, निदान बघून टाइप करताना चुकत नाही.

बाबांना मात्र मी बिटवॉर्डन दिलं आणि दोन आठवड्यांत काढूनही घेतलं. आणखी एक अॅप, आणखी एक पासवर्ड, वर इंग्रजी मेनू. त्यांच्या फोनवर गूगलचाच मॅनेजर चालू केला आणि तो त्यांना जमला. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, "अगं, बँकेचं पान उघडलंय, पण ते किल्लीचं चित्र येत नाहीये. फोन बिघडला का?" रिवॉर्ड पॉइंट आज संपणार, असा एसएमएस आला होता आणि त्यातली लिंक त्यांनी उघडली होती. पान हुबेहूब बँकेचं. माणसाचे डोळे फसतात, मॅनेजर मात्र साइटचं मूळ नाव जुळलं तरच पासवर्ड भरायला पुढे येतो. बाबांना तो पासवर्ड पाठ नव्हता म्हणून ते वाचले. हे काम फुकटच्या, आतल्या मॅनेजरने केलं. म्हणून फोन, लॅपटॉप, ब्राउझर सगळं एकाच घरचं असेल तर आतलाच वापरा, उगाच बाहेर हिंडू नका.

मग मी बाहेरच्यालाच का धरून आहे, आणि आता पैसेही का भरते? मला काही झालं तर काय, या प्रश्नापायी. आमच्या घरातली बिलं, विमा, म्युच्युअल फंड सगळं माझ्या हातात. बिटवॉर्डनच्या पैसेवाल्या योजनेत आणीबाणीची सोय आहे: नवऱ्याने तिजोरी मागितली आणि मी सात दिवसांत नकार दिला नाही, तर ती त्याच्यासाठी उघडते. दिवस आपण ठरवायचे. अॅपलमध्येही मृत्यूनंतर खातं पाहायला माणूस नेमता येतो, पण त्याला फोटो आणि फाइल्स मिळतात, साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. आमच्या घरात नेमके तेच लागणार.

मागच्या आठवड्यात पुन्हा साताऱ्याला जाऊन आले. बाबांची नव्या वर्षाची डायरी टीव्हीशेजारीच होती. पहिल्या पानावर गूगल खात्याचा पासवर्ड, ठळक अक्षरांत, त्याखाली दोन रेघा. पुढच्या पानावर 'लाइट बिल – मोबाईलला माहीत आहे'. 'गॅस – तसंच'.