बॉयफ्रेंड मारतो, मदत मागायची ठरवलीये, पण जायचं कुठे? १८१, स्पेशल सेल, सखी की दिलासा

नंबर सगळ्यांना माहीत असतात, अंगावर येईल तेव्हा ११२ (पोलीस), बाकी वेळेला १८१ (महिला हेल्पलाइन), त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. प्रश्न नंतरचा आहे, म्हणजे रात्र निघून गेली, गालावरची सूज उतरली आणि आता कोणाशी तरी नीट बोलायचंय, तेव्हा कुठे जायचं. मी मुंबईत हॉस्टेलवर होते, त्यामुळे माझा अनुभव मुंबईचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करा, तुम्ही त्याच्यासोबत राहत होतात का? २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लिव्ह-इनला लागू होऊ शकतो, पण नुसतं भेटणं, वीकेंडला एकत्र असणं त्यात बसत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच तसं सांगितलंय. म्हणजे एकत्र राहत नसाल तर या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे चकरा मारून फार काही हाती लागणार नाही, मग मारहाण, पाठलाग, फोटो टाकायची धमकी यांची सरळ पोलीस तक्रार, आणि तिथे पोलिसांच्या आवारातला स्पेशल सेल कामाला येतो. टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेला हा प्रकार, बसणारे सोशल वर्कर असतात, वर्दीवाले नाहीत. तक्रार करायचीच हे पक्कं असेल तर मी तिथेच जा म्हणेन.

राहायलाच जागा नाही, आज रात्री कुठे झोपू असं असेल तर सखी वन स्टॉप सेंटर, हिंसा झालेल्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र, साधारण पाच दिवस राहता येतं. बाकी काय, चालवणारी बाई कशी आहे त्यावर आहे.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगते. पहिल्यांदा जिथे गेले (नाव घेत नाही) तिथल्या मॅडम वाईट नव्हत्या, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि मग पेन उघडून म्हणाल्या, "बाळा, घरी माहितीये का? आईबाबांचा नंबर दे, मी समजावून सांगते, आणि त्या मुलालाही बोलावून घेऊ." मी २१ वर्षांची, सज्ञान! आणि घरी कळणं म्हणजे काय, तर सामान भरा, कॉलेज बंद आणि दिवाळीच्या आत बघायचे कार्यक्रम सुरू. "तुझ्या बाबांना सगळं सांगतो" हीच तर त्याची धमकी होती, वर्षभर मी त्याच भीतीने गप्प होते, आणि इथे मदत करणारी बाईच तो फोन लावायला निघालेली. मी चुकीचा नंबर देऊन बाहेर पडले.

म्हणून मला दिलासा बरं वाटलं. पालिकेच्या हॉस्पिटलमधलं सेंटर, पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभामध्ये निघालं, आता मुंबईत आणखी काही हॉस्पिटलांत आहे. तिथल्या ताईंनी पहिलं विचारलं की आज परत जाते आहेस ती जागा सेफ आहे का, आणि मी फोन केला तर कधी करू, कोणी दुसऱ्याने उचलला तर कोण म्हणून सांगू. घराचा विषय मी काढेपर्यंत निघाला नाही. दुसरं म्हणजे तो माझा कॉल लॉग बघायचा, त्यात १८१ दिसला असता तर संपलंच, पण हॉस्पिटलला गेलेलं कळलं तर पित्त झालंय म्हणायला मोकळे. केसपेपर मात्र त्याच्या हाती लागू देऊ नका, त्यावर डॉक्टरने दंडावरचे वळ आणि कोणी मारलं ते लिहिलेलं असतं, पुढे कोर्टात गेलात तर उपयोगी.

तोटे आहेतच. ओपीडीची रांग, ती वास मारणारी बाकडी, रात्री सेंटरला कोणी नसतं. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीची कायदेशीर नोंद) झाली की पोलिसांना कळतं, ते तपासणीच्या आधीच विचारून घ्या. आणि तुम्ही १८ च्या आत असाल आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) कुठल्याच ठिकाणी ते गुप्त ठेवता येत नाही, कळवणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) पासूनच सुरुवात केलेली बरी.

मुंबईबाहेर असाल तर जिल्हा रुग्णालयात सोशल वर्कर बसतात का ते केसपेपरच्या खिडकीवर विचारा, आणि आत गेल्यावर बसायच्या आधीच विचारा, "माझ्या परवानगीशिवाय घरी फोन करणार का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर उठा.