वर्ल्ड-वाइड हाऊस, हाँगकाँग: घराशी बोलण्याची सोय करणारा बाजार

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात, मेट्रो स्थानकाला लागूनच असलेल्या वर्ल्ड-वाइड हाऊसच्या खालच्या मजल्यांवरील बाजाराची पारख केवळ मालाच्या भावावरून करता येणार नाही. गाळे लहान आहेत, वाटा अरुंद आहेत आणि सजावट जवळपास नाहीच. तरीही फिलिपिनो घरकामगार स्त्रियांची जी गरज येथे भागते, ती आसपासच्या झगमगीत मॉलमध्ये भागत नाही.

या शहरात तीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक फिलिपिन्सच्या आहेत. २००३ पासून त्यांच्यावर मालकाच्याच घरी राहण्याचे बंधन असल्यामुळे आठवडाभर कानांवर बहुतेक कँटोनीज किंवा इंग्रजीच पडते. हक्काची सुट्टी बहुतेकींना रविवारी मिळते, आणि त्या दिवशी या बाजारात टागालोग, इलोकानो आणि बिसाया यांचा मोकळा गलबला असतो. विक्रेते थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारतात. दिवसभर दुसऱ्याच्या घरात हळू आवाजात बोलणाऱ्या बायका येथे खळखळून हसतात, आणि या बाजाराची खरी कमाई मला हीच वाटते.

पैसे पाठवणे आणि गावाकडच्या फोनमध्ये इथूनच बॅलन्स भरणे ही कामे पटकन होतात. हाँगकाँग आणि फिलिपिन्सची घड्याळे सारखीच चालत असल्यामुळे, बॅलन्स भरला की तिकडच्या जेवणाच्या वेळी इकडून व्हिडिओ कॉल लावता येतो आणि मुलाने ताटात काय टाकले आहे, हेही आईला दिसते.

सर्वांत मोलाची सेवा मात्र बालिकबायन बॉक्सची आहे. घरी पाठवायच्या या मोठ्या खोक्याचे भाडे साधारणपणे वजनावर नव्हे, तर खोक्याच्या मापावर ठरते, म्हणून भरणारी व्यक्ती एक इंचही मोकळा सोडत नाही: बुटांच्या आत मोजे, मोज्यांत साबणाच्या वड्या, टॉवेलच्या घडीत चॉकलेट, कडेने डबाबंद मांस. प्रत्येक पुडक्यावर मार्करने भाचीचे, शेजारणीचे, आजोबांचे नाव लिहिलेले असते. फोनवर जे बोलणे अर्धवट राहते ते या नावांतून पूर्ण होते, कारण कोणाची आठवण राहिली आणि कोणाची नाही, याचा हिशेब गावात बारकाईने ठेवला जातो.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायला पुरेशी जागा नाही, त्यामुळे खरेदी झाली की बायकांना रविवारी वाहनांसाठी बंद असणाऱ्या चेटर रोडवर किंवा पादचारी पुलांवर पुठ्ठे अंथरून बसावे लागते. ज्यांच्या कष्टावर हा बाजार उभा आहे, त्यांच्यासाठी दोन-चार बाकडी ठेवणे अवघड नसावे, आणि ती नसणे मला मनापासून खटकते. शिवाय खोके कधी पोहोचेल हे तोंडी सांगण्याऐवजी पावतीवर लिहून घेतलेले बरे. ते समुद्रमार्गे जाते आणि त्याला काही आठवडे लागतात, म्हणून नाताळपूर्वी पोहोचवायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच देऊन टाकावे.